शोभराजची दिल्ली, भोजराजची दिल्ली

दिल्ली पाहायला निघालेल्या मराठी कुटुंबाची यादी साधारण ठरलेली असते. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट, राजघाट, अक्षरधाम. वेळ उरलाच तर आग्र्याची एक फेरी आणि करोलबागेत थोडी खरेदी. या यादीत चाणक्यपुरीतले अशोक हॉटेल नसते, लजपतनगरचे विक्रम हॉटेल नसते आणि तिहार तर नसतेच नसते. तुरुंग बघायला कोण जाते? तिहारला जावे लागू नये, म्हणूनच तर माणसे देवाला नवस बोलतात!

पण ५ सप्टेंबर २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर ‘इन्स्पेक्टर झेंडे’ हा हिंदी चित्रपट आला आणि मराठी घरांतून या नावांची थोडी उजळणी झाली. चिन्मय मांडलेकर यांचे लेखन-दिग्दर्शन, मनोज बाजपेयी इन्स्पेक्टर मधुकर झेंडे यांच्या भूमिकेत, गिरिजा ओक त्यांच्या पत्नी, सचिन खेडेकर वरिष्ठ अधिकारी आणि पोलीस पथकात आपले भाऊ कदम. असा चित्रपट घरातली तीन पिढ्यांची माणसे एकत्र बसून बघतात. बघता बघता खो खो हसतात. आणि मग एखादे दहा-अकरा वर्षांचे पोर विचारते, “आजोबा, हा चोर खराखुरा होता?”

होता. तो चोरच नव्हता, खुनीही होता. आणि त्याच्या कहाणीतला फार मोठा भाग दिल्लीत घडला. चित्रपट मात्र दिल्लीतून लवकरच सटकतो. तिहारच्या भिंतीवरून त्याची गाडी जी निघते ती मुंबई-गोव्याला लागते. म्हणूनच चित्रपट पाहिलेल्या कुटुंबाने दिल्लीत गेल्यावर एक दिवस वेगळा काढून ही ठिकाणे पाहावीत. तिथे बघण्यासारखे फार नाही. समजण्यासारखे मात्र पुष्कळ आहे.

नावातच गंमत

चित्रपटातला गुन्हेगार आहे कार्ल भोजराज. जिम सर्भ यांनी तो रंगवला आहे. वर्तमानपत्रांनी खऱ्या शोभराजला ‘बिकिनी किलर’ म्हटले होते. इथे त्याचा ‘स्विमसूट किलर’ झाला आहे. शोभराजचा भोजराज करताना कायद्याच्या कटकटी टाळणे हा हेतू असेलच, पण मराठी कानाला त्यात आणखी एक गोष्ट ऐकू येते. ‘कुठे राजा भोज आणि कुठे गंगा तेलीण’ ही म्हण ज्याच्या घरात रोज वापरली जाते, त्याला या नावातली खोच वेगळी समजावून सांगायला नको.

दरोडेखोरांच्या दंतकथेची टिंगल करणे ही जुनी करमणूक आहे. रॉबिन हूडची कथा इंग्रजांनी शतकानुशतके गायली आणि १९९३ मध्ये मेल ब्रूक्स या विनोदवीराने ‘रॉबिन हूड : मेन इन टाइट्स’ काढून त्या हिरव्या कपड्यातल्या वीराची पार खिल्ली उडवली. आपल्याकडे चंबळच्या खोऱ्यातल्या एका खऱ्या डाकूचे नाव उचलून ‘शोले’तला गब्बरसिंग झाला आणि पुढे १९९१ मध्ये ‘रामगढ के शोले’ नावाची नक्कल निघाली, तेव्हा त्यात गब्बरच्या वेशात खुद्द अमजदखानच उभे होते! मराठी चित्रपटाला तर ही विद्या फार चांगली येते. ‘धडाकेबाज’मधला (१९९०) कवट्या महाकाळ किंवा ‘झपाटलेला’तला (१९९३) तात्या विंचू आठवा. नाव ऐकूनच भीती आणि हसू एकदम यावे, अशी ही मंडळी.

पण रॉबिन हूड श्रीमंतांना लुटून गरिबांना वाटत असे, निदान गोष्टीत तरी. शोभराजने कुणाला काय वाटले? त्याचे सावज बहुतेक वेळा पाठीवर पिशवी टाकून हिंडणारी, खिशात मोजकेच पैसे आणि पासपोर्ट असलेली तरुण मुले-मुली असत. तरीही त्याची दंतकथा झाली. सुटाबुटातला, अनेक भाषा बोलणारा, पोलिसांच्या हातावर तुरी देणारा, असे त्याचे वर्णन वर्षानुवर्षे छापून आले. त्याच्यावर जाडजूड पुस्तके निघाली, २०१५ मध्ये ‘मैं और चार्ल्स’ हा चित्रपट आला, २०२१ मध्ये ‘द सर्पंट’ ही मालिका आली. या सगळ्यांत तो देखणा, थंड आणि हुशार दिसतो. त्याच्याकडे बघून हसायचे असते, हे मांडलेकरांच्या चित्रपटाने दाखवले. आणि दिल्लीतली ती ठिकाणे पाहिली की वाटते, हसण्याचा मसाला मूळ कथेतच ठासून भरलेला होता. बाहेरून आणावा लागला नाही.

अशोकातला फसलेला डाव

फेरी चाणक्यपुरीपासून सुरू करावी. रुंद रस्ते, कडुलिंबाची सावली, एकामागून एक वकिलाती, समोर नेहरू पार्क आणि त्यात गुलाबी दगडाचे ते अवाढव्य अशोक हॉटेल. १९५६ साली युनेस्कोची परिषद दिल्लीत भरायची होती आणि परदेशी पाहुण्यांना उतरवायला राजधानीत साजेसे हॉटेल नव्हते. म्हणून सरकारने घाईने हे उभारले. रचना मुंबईच्या वास्तुविशारदाची, आडनाव डॉक्टर! खुद्द पंडित नेहरूंचे बांधकामावर लक्ष असे. स्वतंत्र भारताने जगाला दाखवायला बांधलेली ही पहिली मोठी पाहुण्यांची खोली म्हणायला हरकत नाही.

या हॉटेलात १९७१ मध्ये शोभराजने तिथल्या जवाहिऱ्याच्या दुकानावर डल्ला मारायचा घाट घातला. त्याच्यावर लिहिणाऱ्यांनी नोंदवलेली हकिकत अशी : दुकानाच्या बरोबर वर असलेल्या खोलीत एक परदेशी नर्तिका उतरली होती. तिला तिच्याच खोलीत ओलीस धरून, जमिनीला भोक पाडून खाली उतरायचा बेत होता. सरकारी बांधकाम कच्चे असते असा ज्यांचा समज आहे त्यांनी लक्ष द्यावे. अशोकाची जमीन काही केल्या फुटेना! शेवटी दुसरी युक्ती करून दागिने हाती घेतले, तर विमानतळावर तेही हातचे गेले. एवढा खटाटोप करून पदरात पडला तो पोलिसांचा ससेमिरा.

हा प्रसंग कुणी कागदावर लिहून दिला असता तर निर्माता म्हणाला असता, फारच प्रहसन झाले, जरा कमी करा.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईत मधुकर झेंडे यांनी त्याला पहिल्यांदा पकडले. चित्रपटातल्या १९८६ च्या पाठलागाचे मूळ इथे आहे. झेंडे यांनी हा चेहरा, ही चाल पंधरा वर्षांपूर्वी जवळून पाहिलेली होती. मुंबईहून त्याला दिल्लीच्या हवाली केले. मग त्याने पोटदुखीचे सोंग आणले आणि विलिंग्डन रुग्णालयातून तो पत्नीच्या मदतीने निसटला. विलिंग्डन म्हणजे आजचे राममनोहर लोहिया रुग्णालय. चाणक्यपुरीहून कॅनॉट प्लेसकडे जाताना ते लागते. रोज हजारो रुग्ण, नातेवाइकांच्या पिशव्या, डबे, केसपेपरसाठी रांगा. त्या गर्दीत कुणाला पत्ताही नसतो की कधीकाळी या रुग्णालयातून एक नामांकित रोगी पळून गेला होता. तेव्हा तो लवकरच पुन्हा सापडला, जामिनावर सुटला आणि मग मात्र देशाबाहेर पळाला.

मुले बरोबर असतील तर चाणक्यपुरीतच रेल्वे संग्रहालय आहे, ते चुकवू नये. गुन्हेगारांच्या मागे किती वेळ हिंडणार? मुलांना वाफेची इंजिने जास्त आवडतात आणि ते बरेच आहे.

पहाडगंजचे पाहुणे

नवी दिल्ली स्टेशनसमोरचे पहाडगंज मराठी माणसाला परके नाही. तिथे बृहन्महाराष्ट्र भवन आहे. कित्येक पिढ्यांची मराठी मंडळी, कुणी मुलाखतीला आलेले, कुणी चारधामला निघालेले, कुणी लोकसभेतल्या आपल्या खासदाराला गाठायला आलेले, इथे उतरलेली आहेत. आणि त्याच पहाडगंजच्या मुख्य बाजारात १९७० च्या दशकात युरोप-अमेरिकेतून खुष्कीच्या मार्गाने आलेली केसाळ, अनवाणी, भोळी तरुण मंडळी स्वस्तातली खोली शोधत हिंडत असत. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत ती दिल्लीला यायची आणि पुढे काठमांडू किंवा गोवा गाठायची. घरी महिन्यातून एखादे पत्र. पत्र आले नाही तरी महिनाभर कुणाला काळजी नाही.

शोभराजचे सगळे कर्तृत्व या एका गोष्टीवर उभे होते. ही मुले हरवली तर चटकन कुणी विचारणारे नव्हते. तो मैत्री करायचा, रत्नांच्या व्यापाराच्या गप्पा मारायचा, पोट बिघडले की औषध द्यायचा. औषधाने पोट आणखी बिघडायचे. मग शुश्रूषाही तोच करायचा! पैसे गेले, पासपोर्ट गेला आणि काहींचा जीवही गेला. १९७५-७६ मध्ये थायलंडमध्ये आणि नेपाळमध्ये प्रेते सापडू लागली. काठमांडूजवळ मारल्या गेलेल्या दोघांत कॉनी जो ब्रॉन्झिच ही अमेरिकन तरुणी होती आणि लोराँ कॅरिएर हा कॅनडाचा तरुण. बँकॉकमधल्या डच वकिलातीतला हर्मन क्निपेनबर्ग नावाचा तरुण अधिकारी दोन डच तरुणांचा शोध घेता घेता या माणसापर्यंत पोचला. त्याने घरी कागदांची बाडे जमवली, पोलिसांच्या खेपा घातल्या, वरिष्ठांची बोलणी खाल्ली. सुटाबुटातला नायक शोधायचाच असेल तर तो हा. पण त्याच्यावर दंतकथा होत नाही. फाइली जपणाऱ्याची दंतकथा कोण करणार?

दिल्लीतही एक जीव गेला. ज्याँ-लुक सोलोमन हा फ्रेंच पर्यटक. त्याचे नाव आज दिल्लीत कुणाला विचाराल तर कुणी ओळखणार नाही. शोभराजचे विचारा, रिक्षावालासुद्धा सांगेल.

विक्रममधला हाहाकार

पहाडगंजहून दक्षिणेला निघावे. व्हायोलेट मार्गावरच्या मेट्रोने मूलचंद स्थानकावर उतरले की रिंगरोडचा गोंगाट कानावर आदळतो. एका बाजूला मूलचंद रुग्णालय, वर उड्डाणपूल, पलीकडे लजपतनगर. फाळणीत सर्वस्व सोडून आलेल्या निर्वासितांसाठी वसवलेली ही वसाहत. तिथल्या सेंट्रल मार्केटमध्ये आता पडद्याच्या कापडापासून मेंदीवालीपर्यंत सगळे मिळते. महाराष्ट्रातल्या बायकांना इथून हलवणे अवघड जाते, हे त्यांच्या नवऱ्यांना विचारावे.

या भागातल्या विक्रम हॉटेलात जुलै १९७६ च्या पहिल्या आठवड्यात फ्रेंच विद्यार्थ्यांचा एक मोठा जथा उतरला होता. शिकून अभियंते झालेली, भारत बघायला आलेली मुले. शोभराजने त्यांच्याशी गट्टी जमवली, दिल्ली दाखवली आणि हगवणीवर रामबाण म्हणून गोळ्या वाटल्या. बेत असा की मुले खोल्यांत जाऊन गाढ झोपावीत आणि मग सावकाश सगळ्यांचे खिसे साफ करावेत. पण मात्रेचा हिशेब चुकला. गोळ्यांनी फार लवकर काम केले. खोलीपर्यंत जायच्या आतच, सगळ्यांच्या देखत, मुले एकामागून एक कोसळू लागली. वीसेक जण जमिनीवर, बाकीचे किंचाळताहेत आणि ‘मार्गदर्शक’ मात्र ठणठणीत उभा! ज्यांनी गोळी घेतली नव्हती किंवा ज्यांच्यावर तिचा अंमल झाला नव्हता, त्या मुलांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी त्याच्यावर झडप घातली आणि पोलीस येईपर्यंत त्याला दाबून धरले.

अनेक देशांच्या पोलिसांना चकवणारा माणूस अखेर विद्यार्थ्यांच्या हाती सापडला, तोही औषधाचे प्रमाण चुकल्यामुळे. एखाद्या गावठी वैदूची फजिती याहून वेगळी नसते. आश्चर्य याचे की पुढच्या काळात लिहिताना बहुतेकांनी हा प्रसंग चार ओळींत उरकला आणि तिहारमधून त्याने केलेल्या पलायनाला मात्र पानेच्या पाने दिली. त्या मुलांची नावेही कुठे ठळक छापली गेली नाहीत. इन्स्पेक्टर झेंड्यांवर चित्रपट झाला, छानच झाले. या मुलांवरही कुणी एक करायला हवा.

तिहारचा जावई

तिहार हे मुळात एका गावाचे नाव. पश्चिम दिल्लीतल्या या गावाजवळ १९५८ मध्ये तुरुंग उभा राहिला. तेव्हा तो पंजाबच्या अखत्यारीत होता. १९६६ मध्ये दिल्लीकडे आला. आजूबाजूला तेव्हा शेते होती. आज हरिनगर, टिळकनगर, जनकपुरी अशा गजबजलेल्या वस्त्यांनी त्याला चारी बाजूंनी घेरले आहे. भिंतीला लागून जाणाऱ्या रस्त्याचे नावच जेल रोड. तिथल्या घरांच्या पत्त्यात ते बिनदिक्कत लिहिले जाते आणि सोयरीक जमवताना कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही.

शोभराज इथे आला तेव्हा आणीबाणी चालू होती. त्या काळात या भिंतींआड चरणसिंग होते, नानाजी देशमुख होते, जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी आणि ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे यांनीही इथले दिवस काढले. पुढे डिसेंबर १९७८ मध्ये खुद्द इंदिराजींना आठवडाभर इथे राहावे लागले. तिहारच्या फाटकाने असे सगळ्यांचे येणे-जाणे पाहिले आहे.

पण राजमातांना जे मिळाले नाही ते शोभराजला मिळाले. विक्रम प्रकरण आणि सोलोमनचा मृत्यू यांत मिळून त्याला बारा वर्षांची शिक्षा झाली होती. तुरुंगात तो कैद्यांचे अर्ज लिहून देई, कायद्याचा सल्ला देई, अधिकाऱ्यांशी सलगी करी. तिहारमध्ये अनेक वर्षे काम केलेले सुनील गुप्ता यांनी आपल्या नोकरीच्या पहिल्या दिवसाची, १९८१ सालातली गोष्ट सांगितली आहे. नेमणूक होऊनही त्यांना रुजू करून घेत नव्हते. तेवढ्यात सूट-टाय घातलेला एक रुबाबदार गृहस्थ आला, त्याने चौकशी केली, आत गेला आणि थोड्याच वेळात काम करून दिले. गुप्ता यांना वाटले कुणी बडे साहेब असणार. नंतर कळले, ते साहेब इथले कैदी! गुप्ता यांच्या ‘ब्लॅक वॉरंट’ या पुस्तकावरून जानेवारी २०२५ मध्ये याच नावाची मालिका आली. म्हणजे एकाच वर्षात, एकाच पडद्यावर, एकाच माणसाची दोन रूपे दिसली. तिथे तो गूढ आणि थोडा भीतिदायक; झेंड्यांच्या चित्रपटात हास्यास्पद. दोन्ही बघितलेल्या कुटुंबात यावरून जेवणाच्या टेबलावर वाद रंगले असतील, तर त्यात नवल नाही.

१६ मार्च १९८६, रविवार. तिहारमध्ये वाढदिवसाच्या नावाखाली मिठाई आणि फळे वाटली गेली. खरा वाढदिवस ६ एप्रिलला होता, पण आयत्या मिठाईला कोण जन्मतारीख विचारतो? पहारेकऱ्यांनी खाल्ली आणि ते आडवे झाले. शोभराज आणि आणखी काही कैदी चालत बाहेर पडले. दहा वर्षांपूर्वी विक्रममध्ये जी युक्ती फसली तीच इथे लागू पडली. विद्यार्थी सावध निघाले, पहारेकरी निघाले नाहीत, एवढाच काय तो फरक. त्यानंतर निलंबने झाली, चौकशा झाल्या, संसदेपर्यंत गाजावाजा झाला. पण त्या कोठडीत त्याच्याकडे सूट, टाय, पाहुणे, मिठाई हे सगळे दहा वर्षे कोण पोचवत होते, हा प्रश्न मिठाईपेक्षा मोठा होता. दंतकथा एकट्याने तयार होत नाही. तिला फाटक उघडणारे लागतात. चित्रपटात तिहारचा प्रसंग हसत हसत उरकला आहे आणि तिथेच तो थोडा कमी पडतो. त्या फाटकापाशी विनोद जरा अधिक तिखट चालला असता.

दोरखंडाने बांधलेला पराक्रम

पुढची कथा महाराष्ट्राला माहीत आहे. झेंडे आणि त्यांचे सहकारी गोव्यात पोचले. पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ रेस्टॉरंटमध्ये ६ एप्रिल १९८६ रोजी, म्हणजे नेमक्या खऱ्या वाढदिवशी, त्यांनी शोभराजला पकडले. झेंडे यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे की जवळ हातकड्या नव्हत्या, म्हणून रेस्टॉरंटवाल्याकडून दोर मागून घेतले आणि त्याला बांधून मुंबईला आणले. इंटरपोल ज्याला शोधत होते तो माणूस अशा रीतीने बाजारातल्या गाठोड्यासारखा बांधला गेला. चित्रपटाचा जीव या साधेपणात आहे. त्यातले पोलीस गोळ्यांच्या फैरी झाडत उड्या मारत नाहीत. पैशांची ओढाताण असलेली, घरी बायको वाट पाहत असलेली, अडाखे बांधत आणि चुकत पुढे जाणारी ही माणसे आहेत. बाजपेयींनी झेंड्यांना जो मिस्कील, नेमस्त मराठीपणा दिला आहे तो कुठल्याही पोलीस कॉलनीत भेटेल. उत्तरार्धात विनोद अधूनमधून ताणला जातो, काही प्रसंग नाटकातल्यासारखे लांबतात. पण भोजराजचा आब मात्र प्रत्येक प्रसंगागणिक एकेक टाका उसवत जातो.

यावर दंतकथेकडे उत्तर तयार आहे. म्हणे तो मुद्दामच पकडला गेला! थायलंडचे वॉरंट वीस वर्षांनी बाद होणार होते आणि तिथे गेला असता तर फाशी होती. पळून जाऊन पुन्हा सापडले की भारतात शिक्षा वाढेल आणि तेवढ्यात वीस वर्षे निघून जातील, असा त्याचा हिशेब होता. शिक्षा वाढली हे खरे. १९९७ मध्ये तो सुटला तेव्हा थायलंडची मुदत टळून गेली होती, हेही खरे. हिशेब असेलही. पण ही दंतकथांची जुनी खोड आहे. जिंकला तर हुशार, हरला तर आणखी हुशार! अशोकाची जमीन फुटली नाही, विक्रमची मात्रा चुकली, त्याचे काय? फ्रान्सला जाऊन मुलाखतींचे पैसे घेणाऱ्या या हुशार माणसाला २००३ मध्ये काठमांडूला जाण्याची बुद्धी झाली. जिथे दोन खून त्याच्या नावावर होते नेमक्या त्याच गावी, आणि तिथे जुगाराच्या अड्ड्यावर बसण्याची! त्याला जन्मठेप झाली. कॉनी जो ब्रॉन्झिचच्या खुनाबद्दल निकाल लागायला जवळजवळ तीस वर्षे लागली, कॅरिएरच्या खुनाबद्दल आणखी दहा. वय आणि प्रकृती पाहून नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये त्याला सोडले आणि तो फ्रान्सला रवाना झाला.

गोव्यातल्या त्या रेस्टॉरंटने पुढे त्याचा पुतळा बसवला. टेबलापाशी बसलेला, पर्यटकांनी शेजारी बसून फोटो काढावा असा. झेंड्यांचा हवा होता, असे अनेक मराठी पर्यटकांनी तिथे म्हणून झाले असेल. दिल्लीने हे केले नाही. अशोकात पाटी नाही, विक्रममध्ये खूण नाही. विसरभोळेपणामुळे असेल, पण या बाबतीत दिल्लीचे वागणे गोव्यापेक्षा सुज्ञ वाटते.

जेल रोडवर आज

तिहारला जायचे तर ब्ल्यू लाइनच्या मेट्रोने टिळकनगरला उतरावे. ही मेट्रो २००५ च्या अखेरीस द्वारकेपर्यंत गेली आणि पश्चिम दिल्ली शहराच्या हाताशी आली. उतरल्यावर छोले-भटुऱ्यांचा वास, लोकरीची दुकाने, पंजाबी गोंगाट. थोड्याच अंतरावर जेल रोड आणि ती लांबच लांब भिंत. आत एक नव्हे, नऊ तुरुंग आहेत. बाहेरच्या पहाऱ्यावर तमिळनाडूचे विशेष पोलीस दिसतात. हिंदी न समजणाऱ्या माणसाशी कैद्याला सलगी करणे जड जावे, असा त्यामागचा विचार सांगतात.

तिहारचे दुसरे रूपही मुलांना सांगावे. १९९३ मध्ये किरण बेदी इथल्या प्रमुख झाल्या आणि १९९४ मध्ये हजाराहून अधिक कैदी एका वेळी विपश्यनेला बसले. कैद्यांनी बनवलेली बिस्किटे, पाव, मोहरीचे तेल, लाकडी सामान ‘टीजेज’ या नावाने बाहेर विकले जाते. २०१४ मध्ये जेल रोडवर कैद्यांनी चालवलेले खाद्यगृह सुरू झाले. ज्या तुरुंगातली मिठाई एकेकाळी देशभर बदनाम झाली त्याच तुरुंगातली बिस्किटे दिल्लीकर चहाबरोबर खातात, आणि खाऊन जागे राहतात!

भिंतीपाशी फोटो काढू देत नाहीत. मुलांचा थोडा हिरमोड होतो. फाटकाबाहेर मुलाकातीसाठी आलेल्या बायका असतात. हातात कपड्यांचे गाठोडे, कडेवर मूल, कागदावर लिहून आणलेला कैद्याचा क्रमांक. कुणी बुलंदशहरहून पहाटेच्या बसने आलेली, कुणी नूहहून, कुणी यमुनेपलीकडच्या वस्तीतून. त्यांच्या माणसाचे नाव कुठल्याही पुस्तकात येणार नाही. नाव पुकारले की त्या गाठोडे सावरत उठतात आणि लहान दारातून वाकून आत जातात.